तळ्यावर एकदा जाऊन ये

मु. निर्णा
चैत्र वद्य ११, शके १८५९

चिरंजीव शिवय्यास,

निर्ण्याच्या सत्यभामाअक्काचा आशीर्वाद. मी कोण ते तुला आठवायचं न्हाई. पाचव्या वर्षी तुला मठाला दिलं, त्येच्या आधी तू आमच्याच वसरीत रांगलास. तुझ्या चन्नव्वा मावशीचं घर आन आमचं घर, मधी एक भिंत. भाकरीचा वास आला की तू त्या भिंतीपल्याड उभा राहून बोंब मारायचास.

अक्षर वेडंवाकडं हाय, समजून घे. आमच्या मालकांनी विहिरीच्या भिंतीवर चुन्यानं गिरवून शिकवलेलं, तेवढ्यावरच चाललंय.

काम सांगते. आमचे मालक, ग्यानबा, बारा वर्षांखाली चैतात केदारला म्हणून गेले. संगं गावातली माणसं व्हती. ती परत आली, हे न्हाई आले. दरड कोसळली, अंधार पडला, सकाळी ग्यानबा न्हवता, एवढंच सांगतेत. मेलेला कुणी बघितला न्हाई आन जिता बी न्हाई. आता माझे दीर अंकुशराव म्हणायलेत, बारा वर्षं सरली, कार्तिकात पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी देऊ, दिवस घालू. म्हंजे माझं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या. बारा वर्षं वाट बघायची रीतच हाय, त्येंचं बी चूक न्हाई.

परवा चन्नव्वाला तुझं पत्र आलं. तिला वाचता येत न्हाई, मीच वाचून दाखवलं. त्यात तू सहज लिहिलास, मठाच्या वर डोंगरात एक तळं हाय आन तिथं एक दक्षिणी माणूस कैक वर्षं राहतो म्हणून. ती ओळ मी मनातल्या मनात वाचली. चन्नव्वाला वाचून दाखवली न्हाई.

शिवय्या, तू त्या तळ्यावर एकदा जाऊन ये. हे उंच, सावळे, कानात बाळी. आन मोठी खूण म्हंजे आपली बोली कानावर पडली की त्येंना गप बसवत न्हाई. बाजारात वाटंच्या माणसाला थांबवून बोलायचे. तू नुस्तं "कसं हाव" म्हण, कळंल.

उत्तर चन्नव्वाच्या नावानं धाड. आमच्या घरी नको.

सत्यभामा


केदारवाटेवरचा मठ
वैशाख वद्य ५

सत्यभामाअक्का यांना शिवय्याचा नमस्कार, शरणार्थी.

टपालवाल्याने मठाच्या दारात माझं नाव घेऊन हाक मारली तेव्हा मीच इकडेतिकडे बघायला लागलो. इथे मला शिवय्या कुणी म्हणत नाही. "ए दक्खनी" म्हणतात, नाहीतर "फुलं आणली का" म्हणतात. मावशीचं पत्र वर्षातून एखादं, तेही दुसऱ्याकडून लिहवलेलं. त्यात माझ्या तब्येतीची चौकशी आणि शेवटी आशीर्वाद. तुमचं पत्र मी दिवसभर कमरेला खोचून हिंडलो. माझी मराठी काशीच्या मठातल्या एका सोलापूरकडच्या म्हाताऱ्या स्वामींनी शिकवलेली, ती पुस्तकी आहे. हसू नका.

ग्यानबाअण्णांचा चेहरा मला आठवत नाही. कुणाच्या तरी खांद्यावर बसून चिंचेच्या फांदीला हात लावायला बघत होतो, एवढं आठवतं. तो खांदा त्यांचा होता का, ते लिहा.

तळ्याची चौकशी केली. पहाटे निघालं तर दुपारपर्यंत पोचतं, आणि लगेच परत फिरलं तर दिवेलागणीला मठात. वर मुक्काम करता येत नाही, सांजपूजेची तयारी माझ्याकडे आहे. आधी घनदाट रान, मग झाडं बुटकी होत जातात, मग झाडंच संपतात आणि नुसतं गवत. त्या गवताच्या माथ्यावर तळं. समोरचे बर्फाचे डोंगर पाण्यात उलटे दिसतात, असं मेंढपाळ सांगतात. काशीहून या मठात येऊन मला तीन वर्षं झाली, पण मी ते पाहिलेलं नाही. एकट्याने कशाला जायचं, असं वाटायचं.

सध्या वरची वाट बर्फाखाली आहे. ज्येष्ठात उघडते, पण तेव्हा यात्रेकरूंची झुंबड, मोठे स्वामी सोडणार नाहीत. तरी बघतो. टोकदार काठी लागते, ती आहे. घोंगडी आहे. एका वेळचं खाणं बांधून न्यावं लागतं, ते मठातून मागायला लाज वाटते. पण जाईन.

शिवय्या


मु. निर्णा
ज्येष्ठ शुद्ध १४

चिरंजीव शिवय्यास आशीर्वाद.

व्हय रे, तो खांदा त्येंचाच. तू चिंचेचा पाला त्येंच्या मुंडाशात भरायचास आन ते संध्याकाळी घरी येऊन माझ्यापुढं झाडायचे. चिंच अजून हाय.

खाणं मागायला लाज वाटती म्हणं! बाबा, संगं पार्सल धाडलंय. कडक भाकऱ्या हायत, ज्वारीच्या, तीळ लावून. चार महिने काय होत न्हाई त्यांला. शेंगाची चटणी हाय, ती कपड्यात शिवून टाकलीय, दातानं फाडू नकोस. चढताना एकदम पोटभर खाऊ नको आन बोलत बसू नको. पाणी बसून पी. एकटा जाऊ नको, कुणी मेंढरंवाला गाठ. आन तळ्यात उतरू नको, तुला पोहायला कुणी शिकवलं न्हाई हे मला ठाव हाय.

हितं पेरणीची घाई चालू हाय. अंकुशराव वाईट माणूस न्हाई, पर त्येंच्या पोरीचं लग्न ठरंना. चुलत्याचा पत्ता न्हाई, मेला का जिता ठाव न्हाई, अशा घरात सोयरीक कामून करायची, म्हणतेत लोक. त्या पोरीचं बी बरोबर हाय. सगळ्यांचंच बरोबर हाय शिवय्या, माझंच कुठं बसवावं ते कळंना.

हळदीकुंकवाला बोलावतेत मला, पर शेवटाला. कुंकू लावताना बायका एकमेकीकडं बघतेत. मालक आले तर मी पाटावर बसंन. मेलेच असले तर कोपऱ्यात बसंन, तशा बसलेल्या बायका पाहिल्यात मी, त्येंचं बी चालतं. हे दारात उभं राहणं लई झालं. तू बघून ये आन एक काय ते सांग. तेच असले तर म्हणावं, कार्तिकाच्या आत एकदा येऊन तोंड दाखवा.

सत्यभामाअक्का


केदारवाटेवरचा मठ
श्रावण वद्य २

अक्का, शरणार्थी.

पार्सल पोचलं. मी ते कोठीत नेऊन एकट्याने उघडलं. चटणीचा वास सगळ्या मठाला गेला, आणि मोठे स्वामी विचारायला लागले की दक्खनी, हे कुणी पाठवलं? मी म्हणालो, माझ्या अक्काने. म्हणताना फार बरं वाटलं.

आषाढात एकदा निघालो. मेंढपाळ मिळाला नाही, एकटाच गेलो, रागावू नका. रान संपेपर्यंत ठीक होतं. पुढे पावसाने वाट खाली घसरली होती, मातीसकट. पाय टाकला की दगड सुटायचे. एका खडकाच्या आडोशाला बसून तुमची भाकरी खाल्ली. आजवर माझ्यासाठी कुणी शिदोरी बांधली नव्हती. मठात पंगतीत वाढतात, पण ते सगळ्यांना वाढतात. तिथे मला रडू आलं, आणि तिथूनच मी परत फिरलो. तुम्हाला काय तोंड दाखवू असं झालं.

आता मेंढपाळ म्हणतो, भाद्रपदाच्या अमावास्येला जाऊ. तोवर पाऊस ओसरतो, वाट सुकते, यात्रेकरूही कमी होतात. स्वामींनी एक दिवसाची मोकळीक दिली आहे. चार भाकऱ्या त्या दिवसासाठी राखून ठेवल्या आहेत.

शिवय्या


मु. निर्णा
भाद्रपद शुद्ध ३

शिवय्या,

अंकुशरावांनी दिवस धरला. कार्तिक वद्य पंचमी. भटजींना सांगून बी झालं. काल जावबाई माझ्या हातातल्या बांगड्यांकडं बघून बोलली, ह्या नव्या कामून भरल्या? मी बोलले, जुन्या पिचल्या म्हणून भरल्या.

आता ढकलू नको. मी परत फिरलास म्हणून रागावले न्हाई. जीव गमावून बघायचं काय हाय तिथं! पर ह्या अवसेला जा, बाबा. आन काय असंल ते सगळं लिही. मला दुखंल म्हणून झाकू नको.

अक्का


केदारवाटेवरचा मठ
आश्विन शुद्ध १

अक्का, शरणार्थी.

जाऊन आलो. आधीच सांगतो, म्हणजे तुम्हाला शेवटपर्यंत वाचत बसावं लागणार नाही. ते ग्यानबाअण्णा नाहीत.

पहाटे मेंढपाळाबरोबर निघालो. झाडं संपली तिथे ऊन आलं. गवत पिवळं पडायला लागलं आहे, त्यावर दहिवर. शेवटचा चढ छातीवर येतो. वर पाय ठेवला आणि समोर तळं. अक्का, मला ते सांगता येत नाही. पाणी हलत नव्हतं. सगळे बर्फाचे डोंगर त्यात होते, आभाळासकट, आणि बाजूला मी होतो. एवढं मोठं काही बघितल्यावर कुणाला तरी हाका माराव्या असं वाटलं आणि मेंढपाळ तर मागे बिडी ओढत बसला होता.

तळ्याच्या काठाला दगडी झोपडी आहे. तो माणूस उन्हाळ्यात तिथे लोकांची मेंढरं राखतो आणि बर्फ पडलं की खाली गावात उतरतो. उंच आहे. पण दाढी पिकलेली, कानात बाळी नाही, अंगावर पहाडी लोकरी झगा. नाव वेगळंच सांगतो. मी म्हणालो, "कसं हाव?" त्याने माझ्याकडे पाहिलं आणि चुलीकडे वळला. मी म्हणालो, मी निर्ण्याचा, चन्नव्वाचा भाचा. त्याने चुलीत लाकूड सारलं. मग मी स्पष्टच म्हणालो, सत्यभामाअक्काने पाठवलंय. त्याने माझ्या ताटात आणखी एक पळी वाढलं. तुमचीच खूण होती की आपली बोली ऐकून ते गप्प बसायचे नाहीत. याला एक शब्द समजला नाही.

जेवणाचं सांगायचं राहिलं. त्यांच्याकडे काहीतरी सण होता. सगळ्या पालेभाज्या आणि शेंगा एकाच भांड्यात पीठ लावून शिजवल्या होत्या आणि आंबट ताकात कण्या घालून प्यायला केलं होतं. गवताच्या जुडीने ते ताक झोपडीभोवती शिंपडत, काहीतरी ओरडत तो पळत गेला. चुन्याने रंगवलेले दगड मांडले होते, त्यांना पहिला घास. इकडे असा सण मी कुठे पाहिला नाही. आम्हा जंगमांनी कुणाच्याही हातचं खाऊ नये, मी नको म्हणालो, तर त्याने हात धरून बसवलं. मठात सांगू नका.

त्याला बायको आहे, इकडचीच, आणि पाच-सहा वर्षांची मुलगी. बायकोने मला बाजूला घेऊन विचारलं, "तुम्ही ह्यांना न्यायला आलात का?" तिचे हात थरथरत होते. दरडीखालून तिच्या बापाने त्याला काढला होता, म्हणाली, पण दरडी इकडे दर वर्षी कोसळतात. आधीचं तो काही सांगत नाही आणि ती विचारत नाही. मी म्हणालो, नाही बाई, मी ज्यांना शोधतो ते हे नव्हेत.

निघताना त्याने पहाडी बोलीत एवढंच विचारलं, तुमच्या मुलखात यंदा पाऊसपाणी कसं आहे. मी म्हणालो, मला काय माहीत, मी मठातला.

अक्का, माफ करा. दुसरी बातमी आणायची फार इच्छा होती.

शिवय्या


मु. निर्णा
आश्विन शुद्ध १३

शिवय्या,

पत्र पोचलं. तू म्हणतोस ते न्हाईत. बरं.

एकच विचारते. दगड किती व्हते? नीट आठवून लिही. लवकर.

अक्का


केदारवाटेवरचा मठ
आश्विन वद्य १०

अक्का, शरणार्थी.

दगड पाच होते, ओळीने, उगवतीकडे तोंड करून. पाचांना चुना. त्यांच्या बाजूला जरा हटून एक बारका दगड होता, त्याला चुना नव्हता, हळद होती. मी सहज उचलायला गेलो तर मुलीने हात धरला. म्हणाली, त्याला कुणी शिवायचं नाही, बाबाच हळद लावतात.

तुम्ही का विचारता ते कळलं नाही. तुमचं पत्र फार लहान होतं. तुम्ही बऱ्या आहात ना?

शिवय्या


मु. निर्णा
पौष शुद्ध ३

चिरंजीव शिवय्यास आशीर्वाद.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर केला, कारण सगळं पार पडल्याशिवाय लिहायचं न्हाई असं ठरवलं व्हतं. लिहिलं असतं तर हातून भलतंच लिहून झालं असतं.

तुझी चूक न्हाई. तुला पाचव्या वर्षी मठात नेलं, तुला कुठली येळवस ठाव असणार! मार्गशीर्षातल्या अवसेला आपल्याकडं सगळं गाव शेतात जातं. कडब्याची खोप करायची, त्यात पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून मांडायचे. सगळ्या भाज्या, शेंगा डाळीच्या पिठात शिजवायच्या, त्याला भज्जी म्हणतेत. ताकातली आंबील करायची, ती शेतभर शिंपडत पळायचं. आन त्या दिवशी वाटंनं जाणारा माणूस हात धरून जेवायला बसवायचा, कुठल्या बी जातीचा असो. त्या डोंगरात मार्गशीर्षात बर्फ. म्हणून तो भादव्याच्या अवसेला करत असंल.

पांडव सगळ्यांचेच पाच. पर लग्नानंतरच्या पहिल्या येळवशीला मी एक बारका दगड आणून बाजूला ठेवला. सासू बोलली, हे काय ग? मी बोलले, पाचजण जेवायलेत आन द्रौपदी कुठाय? सगळे हसले. हा हसला न्हाई. ह्यानं त्या दगडाला हळद लावली. तवापासून दर साली तोच लावायचा, दुसऱ्या कुणाला शिवू द्यायचा न्हाई. सगळ्या मुलखात असा सहावा दगड आमच्याच शेतात.

तर तो त्योच हाय, शिवय्या. माझं नाव तुझ्या तोंडून ऐकून तो जेवण वाढत राहिला.

राग आला. काय सांगू, लई आला! बारा वर्षं मी कुंकू लावून दारात उभी आन हा तिकडं आंबील शिंपडायलाय! उठावं, अंकुशरावांना सांगावं, चार माणसं धाडावीत आन बकोटीला धरून आणावा. माझ्या एका शब्दाचं काम व्हतं. कुंकू राहिलं असतं, बांगड्या राहिल्या असत्या. पंचमीच्या आदल्या दिवशी मी सांगायला म्हणून उठले बी. अंकुशराव वसरीवर पळसाची पानं निवडत बसले व्हते आन त्येंच्या डोळ्याला पाणी व्हतं. भाऊच की तो त्येंचा. मी त्येंच्यापुढं उभी राहिले.

आन मला त्या बाईचे हात आठवले. तू लिहिलास ना, थरथरत व्हते म्हणून. वाटंनं कुणी नवा माणूस दिसला की ती दाराशी येऊन बघत असंल, न्यायला आला का म्हणून. मी कुणी आलं का म्हणून वाट बघितली, ती कुणी येऊ नये म्हणून बघायलीय. त्यातलं मला जेवढं कळतं तेवढं गावात कुणाला कळायचं न्हाई. मी अंकुशरावांना बोलले, पानं मी निवडते, तुम्ही उठा.

पुतळ्याला अग्नी दिला. माझं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. बायका माझ्या गळ्यात पडून रडल्या, मी बी रडले, कशासाठी ते त्येंना ठाव न्हाई. माणूस मेला अशी आवई उठली की त्याचं आयुष्य वाढतं म्हणतेत. आम्ही तर दिवसच घातले. आता तो शंभर वर्षं जगतोय बघ, मेला! अंकुशरावांच्या पोरीची सोयरीक फाल्गुनात ठरली.

परवा येळवस झाली. मला पूजेला पुढं व्हायचं नव्हतं, मी लांब बांधावर बसले. सगळे जेवून घराकडं वळले तवा खोपीत गेले. बारका दगड जावबाईनं उचलून बाहेर टाकला व्हता, मालक गेले, आता कशाला म्हणून. मी तो परत जागेवर ठेवला. हळद लावली. मीच लावली.

आता तुला सांगायचं ते. त्याला वळखलं असं तू दाखवू नको. त्या बाईला काय बोलू नको. पुढच्या सालच्या अवसेला तुझ्यासाठी भाकऱ्या, चटणी धाडीन, तू तळ्यावर जेवायला जा. उगाच एकटा मठात बसू नको. तिथं तुला हात धरून बसवणारं कुणीतरी हाय, आन हितं मी हाय. पत्र लिहीत जा, महिन्याला एक तरी. पाकिटावर आता चन्नव्वाचं न्हाई, माझंच नाव घाल, मला आता कोण काय म्हणतंय!

आन त्यानं तुला विचारलं, तू उत्तर दिला न्हाईस. पुन्हा भेटला तर आपल्या बोलीत सांग, तो गप बसला तरी सांग. म्हणावं, पाऊस बरा झाला. विहिरीजवळच्या पट्टीत ज्वारी कंबरेला लागलीय.

सत्यभामा